साडेसात शिलिंगांचा अर्धा तास

१९३४ सालच्या एप्रिलात लंडनच्या संसदेत रस्ते वाहतुकीच्या नव्या विधेयकावर चर्चा चालली होती. ब्रिटनमध्ये तेव्हा वर्षाला सात हजारांवर माणसं रस्त्यावर मरत होती. सरकारला त्यावर मुख्यतः दोन गोष्टी करायच्या होत्या. वस्तीतल्या रस्त्यांवर वेगाला मर्यादा घालायची आणि नव्याने गाडी चालवणाऱ्याची परवान्याआधी परीक्षा घ्यायची. या विधेयकाच्या विरोधात लेफ्टनंट कर्नल जॉन मूर-ब्रॅबझन उठले.

हा गृहस्थ साधासुधा नव्हता. ब्रिटनमधलं पहिल्या क्रमांकाचं वैमानिक प्रमाणपत्र त्याच्या नावावर होतं. १९०७ मध्ये त्याने मोटारींची मोठी शर्यत जिंकली होती. डुकरं उडणार नाहीत असं कोणी म्हणू नये म्हणून १९०९ मध्ये त्याने एका डुकराला टोपलीत घालून विमानातून फिरवून आणलं होतं. त्याच्या त्या दिवशीच्या बोलण्याचा मतलब असा: सात हजार माणसं मरतात हे खरं, पण हे काही कायम चालायचं नाही, लोक नव्या परिस्थितीला सरावत आहेत. पूर्वी आम्ही फिरून घरी यायचो तेव्हा रेडिएटरमध्ये कोंबड्यांची पिसं अडकलेली असायची. कुत्र्यांचंही तेच. आता कुत्री मोटार दिसली की बाजूला होतात. मुकी जनावरंसुद्धा शिकतात, तेव्हा हे सगळं आपोआप मार्गी लागेल.

आज हे वाचताना हसू येतं आणि मग जरा वेळाने येईनासं होतं. कारण मूर-ब्रॅबझन मूर्ख नव्हता, त्याच्या काळातला सर्वांत जाणकार चालक होता. गाडीशी तडजोड रस्त्यावरच्या माणसाने करायची, गाडीत बसलेल्याने नव्हे, हे त्याला इतकं उघड वाटत होतं की त्यासाठी कोंबडीचा दाखला पुरला. शिकायचं कोणी, हा प्रश्न तोपर्यंत अडतीस वर्षं ब्रिटनच्या रस्त्यांवर पडून होता.

अडतीस वर्षं म्हणजे १७ ऑगस्ट १८९६ पासून. त्या दिवशी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची चव्वेचाळीस वर्षांची बाई आपल्या मुलीबरोबर एका मेळाव्याला आली होती. तिथे एक कंपनी हौशी लोकांना मोटारीतून चकरा मारून आणत होती. त्यातल्या एका गाडीखाली सापडून ती जागीच गेली. गाडीचा वेग ताशी चारच मैल होता असं चालकाने चौकशीत सांगितलं. तो गाडी चालवायला लागून तीन आठवडे झाले होते. परवाना नावाची वस्तूच तेव्हा अस्तित्वात नव्हती, त्यामुळे तीन आठवडे हे थोडे की पुष्कळ, हे कोणी विचारलं नाही. पंचांनी अपघाती मृत्यू असा निर्णय दिला आणि असं पुन्हा कधी घडू नये अशी आशा मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने बोलून दाखवली.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत मोटारींवरची जुनी बंधनं सैल करणारा कायदा अमलात आला. तोवर हलक्या मोटारीलाही रस्त्यावरच्या अवजड वाफेच्या इंजिनाचे नियम लागू होते. गावात ताशी दोन मैल, गावाबाहेर चार. नव्या कायद्याने ती मर्यादा चौदा मैलांवर नेली. १९०३ मध्ये ती वीस झाली आणि त्याच कायद्याने चालकाला परवाना सक्तीचा केला. पाच शिलिंग भरायचे, वय सतरा पूर्ण हवं, झालं. परवाना देणाऱ्या काउंटीच्या कचेरीने अर्जदाराला गाडी चालवता येते की नाही हे पाहायचं नव्हतं. चुकला तर सापडावा एवढ्यासाठी त्याचं नाव-गाव नोंदवून ठेवायचं होतं. गाड्यांनाही क्रमांक मिळाले. लंडनचा 'ए १' हा क्रमांक आपल्यालाच मिळावा म्हणून तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलचा थोरला भाऊ रात्रभर कचेरीबाहेर रांगेत थांबला, असं सांगतात. परवान्यासाठी मात्र कोणाला रात्र जागावी लागली नाही.

मोटार ही तेव्हा श्रीमंतांची चीज होती आणि श्रीमंतांना पोलिसाने हटकणं सोसत नसे. झुडपाआड घड्याळ घेऊन बसलेले पोलिस वेग मोजत, म्हणून १९०५ मध्ये मोटारवाल्यांनी ऑटोमोबाइल असोसिएशन ही संघटना काढली. संघटनेचे सायकलस्वार पुढे पोलिस असल्याचा इशारा सभासदांना देत. हे पोलिसांच्या कामात अडथळा आणणं आहे असं न्यायालयाने ठरवलं, तेव्हा त्यांनी नामी युक्ती काढली. सायकलस्वार एरवी प्रत्येक सभासदाला सलाम ठोकायचा. त्याने सलाम केला नाही तर सभासदाने गाडी थांबवून कारण विचारायचं. सलाम न करणं हा गुन्हा कसा ठरवणार? देशातल्या चालकांची एक मोठी संघटना कायदा पाळायला शिकवण्यासाठी नव्हे, तर कायद्याच्या हाती न सापडण्यासाठी उभी राहिली, ही गोष्ट तिच्या पुढच्या सगळ्या पुण्याईनंतरही विसरता येत नाही.

शिकवणारे अगदीच नव्हते असं नाही. १९१० मध्ये ह्यू स्टॅन्ली रॉबर्ट्स याने दक्षिण लंडनमधल्या पेकहॅम भागात ब्रिटिश स्कूल ऑफ मोटरिंग सुरू केलं. तिथे येणारे विद्यार्थी बरेचसे पोटासाठी येत. मालकाने घोडागाडी विकून मोटार घेतली म्हणून बग्गीवरून उतरून स्टिअरिंगमागे बसावं लागलेले कोचमन आणि शोफर होऊ पाहणारी तरुण पोरं. इंजिन उघडून दुरुस्त करणं हा अभ्यासक्रमाचा मोठा भाग होता, कारण गाडी रस्त्यात बंद पडणं ही रोजची बाब होती. मालक स्वतः असल्या शाळेत कशाला जाईल? तो मित्राकडून शिकायचा, नाहीतर ज्याच्याकडून गाडी घेतली त्या विक्रेत्याबरोबर दोन-चार फेऱ्या मारून मोकळा व्हायचा.

डॉरथी लेविट ही त्या काळची शर्यतीत गाड्या पळवणारी बाई. तिने १९०९ मध्ये स्त्रियांसाठी मोटार चालवण्याचं एक पुस्तक लिहिलं. त्यात तिने सुचवलं की गाडीत हाताशी एक छोटा आरसा ठेवावा आणि अधूनमधून तो वर धरून मागे काय चाललंय ते पाहून घ्यावं. मोटारींना मागचं दाखवणारे आरसे बसवण्याची रीत नंतर पडली. मागून येणाऱ्याचा विचार करणं हा गाडी चालवण्याचाच भाग आहे, हे त्या बाईला आधी सुचलं. तिचं ऐकायला सरकारी यंत्रणेला किती वेळ लागला, ते पुढे येईलच.

पहिल्या महायुद्धाने चित्र पालटलं. हजारो तरुण सैन्यात लॉऱ्या आणि रुग्णवाहिका चालवायला शिकून परतले. १९२२ मध्ये ऑस्टिन सेव्हन ही छोटी गाडी आली आणि मोटार डॉक्टर, वकील, दुकानदारांच्या आवाक्यात आली. रस्ते मात्र तेच होते, त्यावर घोडे, सायकली, ट्राम, हातगाड्या आणि शाळेतून घरी जाणारी मुलं. रस्त्यावरच्या मृत्यूंची देशभराची नोंद १९२६ पासून नीट ठेवली जाऊ लागली. पहिल्याच वर्षी आकडा निघाला ४,८८६.

यावर १९३० मध्ये जो कायदा झाला तो आज वाचणाऱ्याला चक्रावून टाकतो. मजूर पक्षाचे हर्बर्ट मॉरिसन वाहतूकमंत्री होते. त्यांनी तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला, हे मोठंच काम. पण मोटारींवरची ताशी वीस मैलांची मर्यादा त्यांनी काढूनच टाकली. कारण असं की ती कोणीच पाळत नव्हतं, आणि जो कायदा सगळेच मोडतात त्याने कायद्याचीच पत जाते. युक्तिवाद अगदी टाकाऊ नाही, आपल्याकडेही तो अधूनमधून ऐकू येतो. परीक्षेची अट याच कायद्यात पहिल्यांदा आली, पण फक्त अपंग अर्जदारांसाठी. ज्याचे हातपाय शाबूत आहेत त्याला गाडी चालवता येतेच, असं गृहीत होतं. त्याने आपल्याला अमुक आजार नाही असं स्वतःच लिहून दिलं की पुरे.

सक्तीच्या जागी मॉरिसन यांनी भरवसा ठेवला शहाणपणावर. १९३१ च्या एप्रिलात 'हायवे कोड' निघाला. एका पेनीची छोटी पुस्तिका, आत मोटारवाल्यांच्या संघटनेच्या आणि तेलकंपन्यांच्या जाहिराती. रस्त्यावर सभ्य माणसाने कसं वागावं याची ती संहिता होती. घोडागाडीवाल्याने वळण्याआधी चाबूक डोक्यावर कसा फिरवावा हेही त्यात होतं. दुसऱ्या गाडीला मागे टाकताना भोंगा वाजवावा असं होतं. आरशाचा उल्लेख मात्र कुठेही नव्हता. डॉरथी लेविटच्या पुस्तकाला तेव्हा बावीस वर्षं झाली होती.

पुस्तिका भरपूर खपली. मृत्यूंचा आकडा काही हलला नाही. १९३४ साली तो ७,३४३ झाला, आणि जखमी झाले ते २,३१,६०३. मेलेल्यांत निम्मे पायी चालणारे होते आणि दर चारांतले तीन मृत्यू वस्तीच्या रस्त्यांवर झाले होते. देशात साऱ्या मिळून जेमतेम चोवीस लाख वाहनं होती, हे लक्षात घेतलं म्हणजे या आकड्याचं वजन कळतं. अपघात हा शब्द त्या संख्येला तोकडा होता.

त्या वर्षीचं विधेयक आणलं ऑलिव्हर स्टॅन्ली यांनी. इतिहासात मात्र नाव राहिलं त्यांच्यानंतर आलेल्या माणसाचं. राजकारणात असं होतं, पीक एकाचं आणि खळं दुसऱ्याचं. जून १९३४ च्या अखेरीस लेस्ली होर-बेलिशा वाहतूकमंत्री झाले. वय चाळीस, वृत्तपत्रांत लिहिलेला माणूस, प्रसिद्धीचं तंत्र पुरेपूर अवगत. पद हाती येऊन थोडेच दिवस झाले असतील, कॅम्डन हाय स्ट्रीटवर रस्ता ओलांडताना एक भरधाव स्पोर्ट्स कार त्यांच्या अंगावरून जाता जाता राहिली. पायी चालणाऱ्यांसाठी रस्त्यात ठोकलेल्या खिळ्यांच्या रेघा चालकाला दुरून दिसत नाहीत, हे त्यांना फाइलमधून नव्हे, असं कळलं. मग त्या जागी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे खांब आणि त्यांवर नारिंगी गोळे उभे राहिले. लोकांनी त्यांना मंत्र्याचंच नाव दिलं, बेलिशा बीकन. गोळे सुरुवातीला काचेचे होते, त्यामुळे गल्लीतल्या पोरांना नेम धरायला चांगली सोय झाली. काचा इतक्या फुटल्या की पुढे काच सोडून द्यावी लागली.

१८ मार्च १९३५ पासून वस्तीत ताशी तीस मैलांची मर्यादा आली. त्याच महिन्यात ऐच्छिक परीक्षा सुरू झाल्या आणि १ जूनपासून त्या सक्तीच्या झाल्या. आधी ऐच्छिक ठेवण्यामागे साधा हिशेब होता, पहिल्याच दिवशी सगळे एकदम दारात येऊ नयेत.

खरं तर दारच नव्हतं. परीक्षेसाठी इमारती नव्हत्या, कचेऱ्या नव्हत्या, हाताखाली माणसं जवळपास नव्हती. परीक्षक उमेदवाराला स्वतः पत्र लिहायचा, अमुक दिवशी अमुक वाजता रेल्वे स्टेशनसमोर भेटा, किंवा बागेच्या फाटकाशी, किंवा टाउन हॉलच्या पायऱ्यांपाशी. अशा परीक्षकांच्या अडीचशेच्या आसपास जागा होत्या आणि त्यांसाठी अर्ज आले होते चौतीस हजार. मंदीचे दिवस, सरकारी पगार, गर्दी होणारच. पण यातली खरी अडचण वेगळी होती. जिथे कोणाची कधी परीक्षाच झाली नव्हती अशा देशात परीक्षक कुठून आणायचे? आधी त्यांनाच पारखून घ्यावं लागलं.

परीक्षा अर्ध्या तासाची, शुल्क साडेसात शिलिंग. एकेक परीक्षक दिवसाला नऊपासून सोळापर्यंत परीक्षा घेई. सोळा वेळा अनोळखी माणसाच्या शेजारी बसून त्याच्या हाती आपला जीव द्यायचा, आणि तोही चालवता येतं हे अजून सिद्ध न केलेल्याच्या! या नोकरीत शौर्यपदकाची सोय का नव्हती कोण जाणे. उमेदवाराने हाताने इशारे करायचे, गाडी मागे घ्यायची, रस्त्यात वळवायची, आणि 'हायवे कोड'मधल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. त्यामुळे पेनीच्या त्या पुस्तिकेला पहिल्यांदाच खरा वाचक लाभला. १९३५ मध्येच शिकाऊ चालकाच्या गाडीला पांढऱ्या पाटीवरचं लाल 'एल' आलं.

पहिल्या फेरीला सुमारे २,४६,००० उमेदवार बसले आणि शंभरातले त्रेसष्ट पास झाले. म्हणजे सदतीस नापास. मला या सगळ्या प्रकरणातला हा आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९०३ पासून तीन दशकं ब्रिटनमध्ये पाच शिलिंग भरून कोणीही चालक होत होता, आणि गाडी चालवण्यात नापास होता येतं ही कल्पनाच नव्हती. घोड्यावर बसण्यासारखं ते घराण्यातून, अंगच्या गुणातून येतं असा समज होता. सदतीस टक्के लोकांच्या हाती 'तुम्हाला अजून येत नाही' असा कागद पडला, आणि मोटार हाकणं ही शिकायची, न शिकल्यास रोखली जाणारी विद्या ठरली.

मात्र या कायद्यात एक भगदाड होतं आणि ते जाणूनबुजून ठेवलेलं होतं. सक्ती होती ती १ एप्रिल १९३४ रोजी किंवा त्यानंतर चालवायला लागलेल्यांवर. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत ज्याने परवाना घेतला, त्याला परीक्षा माफ, आणि तीही जन्मभर. व्यवहार म्हणून हे समजतं. लाखो परवानाधारकांची परीक्षा अडीचशे माणसं कधी आणि कशी घेणार? मतदारही तेच होते. पण १९३४ च्या सात हजार मृत्यूंना कारण झाले असतील तर ते हेच जुने चालक, येऊ घातलेले नवे नव्हेत. ज्यांनी नुकसान केलं ते मोकळे सुटले आणि ज्यांनी अजून स्टिअरिंगला हात लावला नव्हता त्यांना बाकावर बसवलं.

मग परीक्षेने माणसं वाचली का? १९३५ मध्ये मृत्यू ६,५०२ वर आले. वर्षात आठशेंवर जीव वाचले, हे थोडं नव्हे. पण याच वर्षी तीस मैलांची मर्यादा आली होती, ओलांडण्याच्या जागा आल्या होत्या, मंत्री रोज वर्तमानपत्रात दिसत होता. श्रेय कोणाला किती, हे वाटून देणं अशक्य आहे. आणि पुढची तीन वर्षं पाहिली तर उत्साह आवरावा लागतो. ६,५६१, मग ६,६३३, मग ६,६४८. दरवर्षी परीक्षा दिलेले नवे चालक रस्त्यावर येत होते, वाहनंही वाढत होती, आणि आकडा एका जागी रुतून बसला होता. परीक्षकाच्या शेजारी अर्धा तास सावध राहणं वेगळं आणि एकटं असताना, घाईत, पावसात, दहा वर्षांनीही सावध राहणं वेगळं.

हा फरक ओळखून काम झालं ते वेगळ्याच ठिकाणी, लंडनच्या पोलिस खात्यात. पोलिसांच्या गाड्याच इतक्या आपटत होत्या की खात्याची अब्रू जाऊ लागली. तेव्हाचे पोलिस आयुक्त लॉर्ड ट्रेंचर्ड हे हवाई दलाचे संस्थापक. यंत्र हाती देण्याआधी माणूस घडवावा लागतो, हे त्यांना वैमानिकांवरून ठाऊक होतं. त्यांच्या कारकिर्दीत हेंडनला पोलिसांची चालक प्रशाळा सुरू झाली. पुढे तिथे सल्लागार म्हणून आले कॉटनहॅमचे अर्ल, एकेकाळचे शर्यतीचे खेळाडू. शर्यतीचा माणूस सावकाश चालवायला शिकवणार हे ऐकून पोलिसांनी भुवया उंचावल्या असतील. पण त्यांनी जे दिलं ते वेगाशी संबंधित नव्हतंच. त्यांनी क्रम दिला. वळण असो, चौक असो, वाटेत उभी लॉरी असो, कुठल्याही अडथळ्याशी ठरलेल्या क्रमानेच जायचं. आधी रस्त्यातली आपली जागा ठरवायची. मग आरसा, हाताचा इशारा, ब्रेक. मग त्या वेगाला साजेसा गिअर. पुन्हा आरसा आणि इशारा. लागला तर भोंगा. आणि सगळं ठीक असेल तरच शेवटी वेग. यातली एखादी पायरी गरज नसेल तर गाळता येते, पण प्रत्येकीचा विचार करूनच गाळायची. आणि आरसा आता एका चौकात दोनदा आला, हे डॉरथी लेविटला कळवायला हवं होतं.

दुसरी गोष्ट त्याहून साधी आणि त्याहून अवघड. चालवता चालवता मोठ्याने बोलायचं. डावीकडे उभी बस, तिच्या पुढून माणूस येऊ शकतो. पुढे रस्ता ओला दिसतोय. सायकलवाला खांद्यावरून मागे पाहतोय, म्हणजे वळणार. शेजारी बसलेला शिक्षक हे ऐकतो आणि त्याला विद्यार्थ्याचे हात नव्हे, डोळे तपासता येतात. कोणाला काय दिसत नाही, हे त्याच्या गप्प राहण्यातून कळतं. हेंडनच्या या पद्धतीने पोलिसांचे अपघात झपाट्याने कमी झाले, आणि त्याच शिकवणुकीतून १९५५ मध्ये 'रोडक्राफ्ट' हे पुस्तक निघालं. पोलिसांसाठी लिहिलेलं, पण पुढे सामान्य चालकही ते विकत घेऊ लागले. १९३५ च्या परीक्षेने चालवता येतं का एवढंच विचारलं होतं. हेंडनने विचारलं, तुला काय दिसतंय?

१९३९ मध्ये या कथेचा एक धागा आपल्याकडे येतो. त्या वर्षी फेब्रुवारीत ब्रिटिश हिंदुस्थानात नवा मोटार वाहन कायदा झाला आणि १९१४ चा जुना कायदा गेला. परवाना देण्याआधी अर्जदाराची चालवण्याची क्षमता तपासली पाहिजे असं त्यात होतं, आणि काय तपासायचं याची यादी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात जोडलेली होती. विम्याची सक्तीही होती, पण ती अमलात यायला १ जुलै १९४६ उजाडला. आज पुण्या-मुंबईत आरटीओच्या मैदानात पाय न टेकता आठ काढणारं पोर आणि रस्त्यावर रुळताना काचेला लाल 'एल' चिकटवून जाणारी गाडी, दोघंही त्याच वंशातले. १९३९ च्या कायद्याची जागा १९८८ च्या कायद्याने घेतली, परीक्षा राहिली.

गंमत पाहा. हिंदुस्थानात परीक्षेचा कायदा झाला त्याच वर्षी, २ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटनने आपल्या परीक्षा बंद केल्या. युद्ध लागत होतं. परीक्षकांना वाहतूक सांभाळायला आणि पेट्रोलच्या शिधावाटपावर धाडलं. रात्री दिवे बंद, मोटारींच्या दिव्यांना झाकणं, फुटपाथच्या कडांना पांढरा रंग. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून रस्त्यावर गाड्या कमी होत्या, तरी मृत्यू वाढत गेले: १९३९ मध्ये ८,२७२, पुढल्या वर्षी ८,६०९, आणि १९४१ मध्ये ९,१६९. ब्रिटनच्या इतिहासात रस्त्यावर एका वर्षात याहून जास्त माणसं कधी मेली नाहीत. अंधारात दिसत नसेल तर कोंबडी काय आणि माणूस काय, बाजूला तरी कसं होणार? ऑक्टोबर १९४० पासून मे १९४१ पर्यंत, म्हणजे नेमक्या या काळात, वाहतूकमंत्री होते जॉन मूर-ब्रॅबझन.

परीक्षा पुन्हा सुरू झाल्या १ नोव्हेंबर १९४६ ला. तोवर युद्धकाळात तात्पुरत्या परवान्यावर गाड्या चालवणाऱ्यांची मोठी फौज तयार झाली होती आणि परीक्षकांची कमतरता तशीच होती. सरकारने पुन्हा जुनाच मार्ग काढला. १९४७ च्या फेब्रुवारीपासून वर्षभराची मुदत दिली, युद्धकाळातला तात्पुरता परवाना या मुदतीत परीक्षेविना पक्का करून घ्या. अशा रीतीने माफी मिळालेल्यांची दुसरी पिढी तयार झाली. नऊ वर्षांनी सुएझचा पेच उभा राहिला, पेट्रोल पुन्हा मोजून मिळू लागलं, आणि नोव्हेंबर १९५६ पासून एप्रिल १९५७ पर्यंत परीक्षा पुन्हा बंद. परीक्षक पुन्हा पेट्रोलच्या कामावर, आणि शिकाऊ चालकांना शेजारी कोणी नसतानाही गाडी न्यायची मुभा! शिक्षण ही वेळ आली की आधी बाजूला सारायची गोष्ट आहे, हे सरकारने वीस वर्षांत दुसऱ्यांदा दाखवून दिलं.

त्याच १९५६ साली इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड मोटरिस्ट्स ही संस्था निघाली. परवाना हाती असलेल्यांनी आपणहून पुन्हा परीक्षा द्यावी, हेंडनच्या पद्धतीने, असं तिचं म्हणणं. कायद्याने ज्यांना कधी हात लावला नाही त्यांच्यासाठीही हे दार उघडं होतं. आत आले ते बहुधा आधीच सावध असलेले. हौशीने परीक्षा देणाऱ्यांचं असंच असतं, ज्याला गरज नाही तो पहिल्या रांगेत.

सक्तीची परीक्षा त्यानंतर हळूहळू जड होत गेली. हाताचे इशारे १९७५ मध्ये गेले. १ जुलै १९९६ पासून वेगळी लेखी परीक्षा आली. २००२ च्या नोव्हेंबरात त्यात चित्रफिती आल्या. पडद्यावर धोका उगवताना दिसला की बटण दाबायचं, उशीर केला तर गुण गेले. हेंडनमध्ये तोंडाने बोलून जे दाखवावं लागे ते आता साध्या उमेदवारालाही बोटाने दाखवावं लागतं. त्याला साठ-पासष्ट वर्षं लागली.

मार्च १९३४ मध्ये सतरा वर्षांच्या एखाद्या मुलाने पाच शिलिंग भरून परवाना काढला असेल, तर लेखी परीक्षा आली तेव्हा तो एकोणऐंशी वर्षांचा असणार. ब्रिटनमध्ये सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी एक अर्ज असतो, त्यात नजर आणि प्रकृती ठीक आहे असं स्वतःच लिहून द्यायचं आणि सही करायची. परीक्षा तेव्हाही द्यावी लागत नाही.